स्वयंपाकघरातली वाकडी ओळ

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, फरशी बसवतात. मी प्लंबर. बांधकामाशी ज्यांचा संबंध येत नाही त्यांना सांगतो, या दोन जमातींचं कधी पटत नाही. आम्ही पाइप टाकून जातो, मागून फरशीवाला येतो आणि म्हणतो, पाइप वर आलाय. मग तो फरशी बसवून जातो, आणि पुढे पाइप गळला की आम्ही येऊन त्याची फरशी फोडतो. दाजी आणि मी एकाच घरातले झाल्यामुळे हे भांडण जेवणाच्या टेबलापर्यंत यायचं. ते मला 'गळती' म्हणतात. माझ्या खऱ्या नावाने शेवटची हाक कधी मारली ते त्यांनाही आठवणार नाही.

साइटवर त्यांना सगळे 'दोरी' म्हणतात. हल्ली भिंतीवर लाल रेघ पाडणारी यंत्रं निघालीत, सगळे तीच वापरतात. दाजींच्या खिशात मात्र पांढऱ्या दोरीची गुंडी. दोन टोकांना दोन खिळे, मध्ये दोरी ताणायची, बोटाने छेडायची, ती नीट वाजली की मगच थापी हातात घ्यायची. यंत्राला बॅटरी लागते, दोरीला काय लागतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पाण्याचा पेला हातात घेऊन बाबांना म्हणाले होते की तुमची ती फळी डावीकडे उतरलीय. बाबा म्हणाले, फळीचं सोडा, मुलगी सरळ आहे. हे आठवलं की ताईला आजही हसू आवरत नाही.

असा माणूस. नाकावर माशी बसू न देणारा, कामात केसाचा फरक न चालवून घेणारा, आणि स्वतःच्या तब्येतीच्या बाबतीत मात्र पक्का चालढकल करणारा.

साखरेचा आजार त्यांना बरीच वर्षं आहे. गोळ्या घ्यायचे, बरं वाटलं की सोडायचे, चक्कर आली की परत सुरू. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनी दर वर्षी डोळे आतून तपासून घ्या म्हणून सांगितलं होतं. दाजींनी त्याचा अर्थ असा घेतला की चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून यायचा. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही, मग डॉक्टरला दाखवायचं काय, असा त्यांचा सवाल असायचा. मला तेव्हा तो सवाल बरोबर वाटला होता. गळणारा पाइपसुद्धा भिंतीच्या आत असला तर ओल बाहेर येईपर्यंत कुणाला कळत नाही, हे मला तरी ठाऊक असायला हवं होतं.

ओल बाहेर आली ती स्वयंपाकघरात.

ताईच्या ओट्यामागे पांढऱ्या टाइल्स आहेत आणि त्यांच्या मधोमध निळ्या पट्ट्यांची एक आडवी ओळ. दाजींनी ती स्वतः बसवलेली. आलेल्या पाहुण्याला ताई काही ना काही निमित्त काढून ओट्यापाशी नेणार आणि ती ओळ दाखवणार, हे ठरलेलं. एके दिवशी सकाळी दाजी चहा पिता पिता थांबले, कप खाली ठेवला आणि म्हणाले, ही ओळ वाकलीय. ताई म्हणाली, कुठे? ते म्हणाले, ही काय, इथे, पोट आल्यासारखी. ताईला काही दिसेना. पण सरळ-वाकड्याच्या बाबतीत दाजींशी वाद घालायचा नाही, हा त्या घराचा नियम.

त्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी ती निळी पट्टी उखडली आणि 'सरळ' बसवली. मागे सरून पाहिलं, तर बाक पुढच्या पट्टीवर सरकला होता. ती उखडली. मग बाक त्याच्या पुढे गेला. संध्याकाळपर्यंत अख्खी ओळ उखडून परत बसली, आणि शेवटी दाजी घामाघूम होऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले की आता जमली, पण भिंतच चळलीय, बिल्डिंग खचतेय. हे त्यांनी ताईलाच नव्हे, खालच्या मजल्यावरच्या बाईंनाही सांगितलं. त्या बिचाऱ्या आठवडाभर झोपल्या नाहीत.

मी पाहायला गेलो. ती ओळ नागमोडी झाली होती. एक पट्टी वर, एक खाली, सांधे कुठे रुंद कुठे बंद. शिकाऊ माणसानेसुद्धा असं काम करून पळ काढला असता. मी ताईकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि दोघंही मूग गिळून बसलो.

मग बाकीच्या गोष्टी एकेक करून ध्यानात यायला लागल्या. चहा ओतताना कपाच्या बाहेर जायचा. जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपून उतरायचे. रस्त्यात ओळखीच्या माणसाने हात केला तर सरळ पुढे जायचे, आणि लोक म्हणायला लागले की दोरी हल्ली फार चढेल झालाय. मोबाइल वाचताना मान तिरपी करून बाजूने बघायचे, कोंबडी दाणे बघते तसे. स्कूटर चालवणं बंद केलं आणि कारण दिलं की पाठ दुखते. सिनेमा नको, बाजार नको, संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरी. मुलीने फोनवर नातीचे फोटो पाठवले की 'छान आहे, छान आहे' म्हणत फोन ताईकडे द्यायचे. ताईने एकदा मुद्दाम रिकाम्या खुर्चीचा फोटो पुढे केला. दाजी म्हणाले, छान आहे, अगदी आईसारखी दिसते. ताईने मला हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. तिचा चेहरा पाहून रडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

बोलायला जावं तर अंगावर यायचे. ताई डॉक्टरचं नाव काढायची, ते ताट सरकवून उठायचे. मी एकदा थट्टेत विषय काढला, तर म्हणाले, गळती, तू तुझे नळ बघ. ते घाबरलेत हे मला तेव्हा कळलं. काम गेलं तर आपण कोण उरणार, हा प्रश्न त्यांच्या मानगुटीवर बसला होता. आणि आम्ही दोघं बहीणभाऊ त्यांच्या भोवती असे वावरत होतो की भांडं पडलं तरी दचकायचो.

त्याच सुमारास एका वाचनालयाच्या नव्या इमारतीचं काम चाललं होतं. लांबच लांब व्हरांडा, त्याच्या कडेने गडद रंगाची पट्टी. व्हरांड्याची फरशी दाजींकडे, पाण्याची लाइन माझ्याकडे. दाजींबरोबर त्यांचा जोडीदार होता. हे दोघं उमेदवारीपासून एकत्र. जोडीदार इतका कमी बोलतो की त्याला सगळे 'मौनी' म्हणतात. दोरीचं एक टोक दाजी धरणार, दुसरं मौनी, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं.

सकाळी मी साइटवर पोचलो तर व्हरांड्यात आवाज चाललेला. मौनीने आदल्या दिवशी बसवलेली पट्टी दाजी हातोडा-छिन्नीने उखडत होते. डोळे मिटून काम केलंस का, म्हणून त्याच्यावर ओरडत होते. ही बघ, मध्ये केवढा बाक आलाय, आंधळ्यालासुद्धा दिसेल. मौनी भिंतीला टेकून उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वाकून पट्टीवरून नजर टाकली. उखडायची राहिलेली पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती.

मौनी आपली पिशवी उचलून निघाला. मी त्याला जिन्यापाशी गाठलं आणि फक्त एवढंच म्हणालो की दोरीचं टोक धर, जाऊ नकोस. तो परत आला. आम्ही दोघांनी दाजींच्याच खिशातली गुंडी मागितली, दोन टोकांना खिळे मारले आणि पट्टीच्या काठावरून दोरी ताणली.

दाजी उकिडवे बसले, एका टोकाकडून पाहिलं आणि म्हणाले, "ढिली आहे. ताण."

मौनीने ताणली.

"अजून ताण. मध्ये पोट आहे तिला."

मौनीने खिळ्याला अजून एक वेढा दिला. दोरी इतकी ताणली गेली की खिळा वाकायला लागला. मग मौनीने, वर्षभरात बोलत नसेल तितकं एकदम बोलल्यासारखं, एक वाक्य म्हटलं.

"वाजवून बघ."

दाजींनी बोट पुढे केलं. दोरी पहिल्यांदा हुकली, बोट बाजूने गेलं. दुसऱ्यांदा लागली, आणि त्या रिकाम्या व्हरांड्यात ती अशी वाजली की आमच्या तिघांच्याही कानात बसली. ताणलेली दोरी कशी वाजते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी परत छेडली. परत पाहिलं. एक डोळा हाताने झाकून पाहिलं, मग दुसरा झाकून. मग दोरीवरून बोट फिरवत ते तसेच उकिडवे सरकत सरकत मध्यापर्यंत गेले, जिथे त्यांना पोट दिसत होतं तिथे. तिथे बोट थांबलं.

"मला ही वाकडी दिसतेय रे," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. हरवलेल्या पोराने पत्ता विचारावा तसा आवाज होता. मौनी खाली बसला आणि त्यांच्या हातातली छिन्नी त्याने हळूच काढून घेतली. मी ताईला बोलावून घेतलं आणि त्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. या वेळी ते नाही म्हणाले नाहीत.

डोळ्यांत थेंब टाकले, बाहुल्या मोठ्या झाल्या, मग दिव्याने आतून तपासलं, पडद्याचे फोटो काढले. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण बोलायला स्पष्ट. साखरेमुळे डोळ्यामागच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, म्हणाल्या. उजव्या डोळ्यात नेमकी मधल्या जागी सूज आलीय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते आणि चेहरे पुसट होतात. डाव्या डोळ्यात सूज जुनी आहे, आणि तिथे नवीन नाजूक रक्तवाहिन्याही उगवल्यात. डोळ्यापुढे काळे धागे तरंगतात का? दाजी म्हणाले, तरंगतात, मला वाटलं चष्म्याला कचरा आहे. बाईंनी पेन खाली ठेवलं. ताईने माझा दंड घट्ट धरला होता.

डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, एकदा देऊन भागणार नाही. डावीकडे लेझरही. गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगणार नाही, त्या म्हणाल्या, आहे ते राखायचं आणि थोडं परत मिळालं तर मिळवायचं. साखर मात्र ताब्यात हवी, नाहीतर माझं इंजेक्शन काय करणार?

दाजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "म्हणजे गळती माझ्या डोळ्यात, आणि प्लंबर बाजूला नुसता बसलाय."

डॉक्टरीणबाईंना विनोद कळला नाही. मला कळला, आणि मला हसू आलं नाही.

निघताना बाईंनी एक कागद दिला. त्यावर चौकोनांची जाळी आणि मधे एक ठिपका. रोज एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं, रेघा वाकड्या दिसल्या, एखादी जागा पुसली गेली, तर लगेच यायचं. दाजींनी कागद जवळ धरला, लांब धरला आणि विचारलं, ही फरशी कुणी बसवली, त्याला कामावरून काढा.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी ताई आणि मी बाहेर बसलो होतो. डोळ्यात सुई, या नुसत्या विचाराने माझी पाचावर धारण बसली होती. दाजी पट्टी लावून बाहेर आले आणि म्हणाले, काही नाही रे, मुंगी चावावी तेवढं. पण त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. ताईने तो चौकोनांचा कागद फ्रिजवर लावला. रोज सकाळी विचारायची, कसं दिसतंय? आणि दाजी रोज म्हणायचे, मस्त, एकदम सरळ. पहिल्या इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवसापासून एकदम सरळ. म्हणजे साफ खोटं. ताईला बरं वाटावं म्हणून बोलत होते की स्वतःला, कोण जाणे. ज्या माणसाने रिकाम्या खुर्चीला आईसारखी म्हटलं त्याच्या 'मस्त'वर विश्वास कसा ठेवायचा? आत सूज वाढत असली आणि हे 'मस्त' म्हणत राहिले तर? डॉक्टरीणबाईंनाही तपासणीत कळायचं ते कळायचं, पण दोन तपासण्यांच्या मधले दिवस असायचेच की.

तेव्हा ताईने एक शक्कल काढली. मला म्हणाली, ती निळी ओळ आहे ना, तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. त्यांच्या लेखी ती सरळ आहे. डोळा सुधारला तर ती त्यांना आपणहून वाकडी दिसेल. तोपर्यंत आपण बोलायचं नाही.

मला पटलं. त्यानंतर त्या घरात ती ओळ म्हणजे आमचा डॉक्टर झाली. पाहुणा आला आणि ओट्याकडे बघून तोंड उघडायला लागला की ताई त्याला पाणी द्यायची. मुलगी भेटायला आली, आत शिरताच म्हणाली, अगं बाई, हे काय, आणि ताईने तिचा हात असा दाबला की पोरगी कळवळली. मौनी आला तर दाराशीच थबकला, ओळीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि बसला. त्याला काही सांगावं लागत नाही.

दाजी रोज सकाळी त्याच स्टुलावर चहा प्यायचे, ओळीकडे तोंड करून. आम्ही त्यांच्या नजरेकडे बघायचो. ते काही बोलायचे नाहीत. दुसरं इंजेक्शन झालं, लेझर झालं. तरीही काही नाही. ताई हिशोबाने जेवण वाढायची, गोळ्या हातावर ठेवून गिळेपर्यंत उभी राहायची, आणि स्वतःच्या जेवणाचं विसरायची. ती इतकी वाळली की मला तिचीच भीती वाटायला लागली.

एके दुपारी मी न कळवता गेलो. दार लोटलेलं होतं, ताई बाहेर गेली होती. दाजी आतल्या बोळात भिंतीला हात लावून चालत होते, डोळे मिटून. बोटांनी टाइलचे सांधे मोजत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, तिथून ओट्यापर्यंत, मग नळाला हात लावला, कप शोधला. मी दारातच थांबलो. त्यांनी डोळे उघडले आणि मला पाहिलं, म्हणजे कुणीतरी उभं आहे एवढं पाहिलं.

"गळती?" ते म्हणाले. "तुझ्या ताईला सांगू नकोस. सवय करून ठेवतोय."

मी हो म्हणालो आणि तसाच परत फिरलो. घरी जाऊन बायकोवर कारण नसताना खेकसलो.

त्यानंतर किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. तिसरं इंजेक्शन झालं होतं एवढं नक्की. सकाळी ताईचा नळ गळतो म्हणून गेलो होतो. मी ओट्याखाली पाना घेऊन आडवा, ताई चहा गाळतेय, दाजी स्टुलावर. वाचनालयाच्या व्हरांड्याचं काम मौनीने एकट्याने पुरं केलं, त्याचं मी काहीतरी सांगत होतो. दाजी मध्येच म्हणाले, थांब जरा.

मला वाटलं मौनीबद्दल काही म्हणणार. ते म्हणाले, "ही ओळ कुणी बसवलीय?"

ताईच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. मी ओट्याखालून बाहेर यायच्या घाईत डोकं आपटून घेतलं.

दाजी उठून ओट्यापाशी आले. निळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. वर, खाली, रुंद सांधा, बंद सांधा. त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी आली, जी साइटवर आली की चांगले चांगले कामगार बाहेर पळायचे. "कुणी हात लावला हिला? ही काय फरशी बसवायची पद्धत झाली? माझ्या घरात?"

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. दाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत ओळीकडे. तो उखडाउखडीचा सगळा दिवस त्यांना आठवला असणार, कारण त्यांचं बोट पट्टीवर थांबलं.

"मीच ना?" ते म्हणाले.

ताईने मान हलवली. मग त्यांनी हळूच डावा डोळा झाकला आणि पाहिलं. "वाकडी आहे." उजवा झाकला. बराच वेळ पाहिलं. इतका वेळ की ताईचं हसू हळूहळू गेलं. "या डोळ्याला कळत नाही," ते म्हणाले. "याला सगळंच सारखं वाकडं."

डाव्या डोळ्याचं तेवढंच राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे ते टिकलं तरी पुष्कळ. दाजी आता लांब व्हरांडे घेत नाहीत. मौनी घेतो, आणि दाजी दोरीचं एक टोक धरून बसतात. ओळ बसली की विचारतात, सरळ आहे? मौनी म्हणतो, आहे. आणि ते मान्य करतात. आयुष्यात दुसऱ्याच्या शब्दावर सरळ-वाकडं न ठरवलेल्या माणसाला हे किती जड जात असेल, ते मी त्यांच्या जबड्याकडे बघून ओळखतो.

निळी ओळ नीट करून देतो, असं मौनीने दोनदा सांगितलं. दाजींनी त्याला ओट्याला हात लावू दिला नाही.

अजूनही इंजेक्शनं चालू आहेत, अजूनही कधी साखर वर जाते आणि ताईचा जीव टांगणीला लागतो. रोज सकाळी दाजी स्टुलावर बसून डावा डोळा झाकतात आणि ओळीकडे बघतात. ताई गाळणं हातात धरून उभी असते. ते "वाकडी आहे" म्हणाले की मग ती चहा ओतते.